वॉटर बॉडीऐवजी इलेक्ट्रिक पंप : अर्ध्या अश्वशक्तीचा हिशेब

क्रँकवरच्या बेल्टने फिरणारा पाण्याचा पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेतली वॉटर बॉडी, काढायची आणि तिच्या जागी बॅटरीवर चालणारा पंप लावायचा. बेल्टवरचा भार हलका झाला की तेवढी ताकद चाकांकडे जाईल, असा यामागचा तर्क. तर्क बरोबरच आहे. फक्त 'तेवढी' म्हणजे किती, हे कुणी मांडून दाखवत नाही. मोठ्या अमेरिकन व्ही-एट इंजिनांच्या नावावर फिरणारे १०-१५ अश्वशक्तीचे आकडे आपल्या १२०० सीसीच्या गाडीला चिकटवले जातात. त्या आकड्यांत बहुतेक वेळा पंपाच्या शाफ्टवर बसलेला मोठा लोखंडी पंखाही धरलेला असतो.

आपल्याकडची गाडी घेऊ. के-सीरिज १.२ लिटरची स्विफ्ट, ६००० आरपीएमला सुमारे ८३ बीएचपी. एवढ्या इंजिनाचा पंप त्या वेगाला मिनिटाला साधारण १२० लिटर पाणी १ बारच्या आसपास दाबाने ढकलतो असं धरू. प्रवाह गुणिले दाब केला तर पाण्याला मिळालेली ताकद २०० वॅट येते. गाडीच्या पंपांची कार्यक्षमता बेताचीच असते. ती ३५ टक्के धरली तर बेल्टवर ५७० वॅटचा भार पडतो. म्हणजे पाऊण अश्वशक्तीच्या थोडं वर, आणि तीही फक्त ६००० आरपीएमला.

वॉटर बॉडी हा सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाती फिरवून पाणी बाहेर फेकणारा पंप, आणि अशा पंपाचा भार वेगाच्या घनाने बदलतो. वेग निम्मा झाला की भार आठव्या हिश्शावर येतो, आणि तिसरा हिस्सा झाला की सत्ताविसाव्यावर. त्यामुळे हाच पंप ३००० ला ७० वॅट खातो आणि २००० ला वीस-बावीस. त्यात सील आणि बेअरिंगचं थोडं घर्षण मिळवा. शहरात गाडी १५०० ते २५०० मध्ये फिरते, तेव्हा ही वॉटर बॉडी मागच्या दिव्याच्या एका बल्बाइतकी ताकद घेत असते. तिला काढून पिकअप कुठून येणार?

आता दुसरी बाजू. डेव्हिस क्रेग या ऑस्ट्रेलियन कंपनीचे पंप या कामासाठी सर्वांत जास्त वापरले जातात. त्यांच्या नावातला आकडा, ८०, ११५, १५०, हा मिनिटाला लिटरमध्ये मोकळा प्रवाह सांगतो. ८० चा पंप पूर्ण वेगात साडेसात अँपियरच्या आसपास घेतो. १३ व्होल्टने गुणलं की १०० वॅट झाले. पण ही वीज फुकट येत नाही, ती त्याच बेल्टवरच्या अल्टरनेटरमधून येते, आणि अल्टरनेटर ६० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम. म्हणजे क्रँकवर १६५ वॅटचा भार. ६००० ला ५७० मधून १६५ वजा केले की हाती ४०० वॅट लागतात, म्हणजे जेमतेम अर्धी अश्वशक्ती. ३००० ला मात्र इलेक्ट्रिक पंप पूर्ण वेगात सोडला तर ७० वॅटच्या जागी १६५ जातील आणि उलट तोटा होईल. तापमान बघून पंपाचा वेग ठरवणारा कंट्रोलर असेल तर पंप हळू चालतो आणि बरोबरी साधते, इतकंच.

८३ मध्ये अर्धी म्हणजे ०.६ टक्के. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तीच गाडी लागोपाठ दोनदा चालवली तरी आकडा टक्काभर इकडेतिकडे होतो. बॉनेटखालची गरम हवा इनटेकमध्ये शिरून आत जाणारी हवा १० अंशांनी तापली, तर एवढ्या इंजिनाची दीड-दोन अश्वशक्ती जाते. एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना याच्या कितीतरी पट खातो. पंप बदलून 'गाडी सुटते' असं ज्याला वाटतं, त्याने त्याच दिवशी एअर फिल्टरही बदलला असणार.

मग बीएमडब्ल्यू आणि टोयोटा हा पंप कशाला लावतात? बीएमडब्ल्यूने एन५२ या सहा सिलिंडरच्या इंजिनात २०० वॅटचा इलेक्ट्रिक पंप दिला. टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या १.८ लिटर इंजिनावरून बेल्टच काढून टाकला. त्यांना हवा होता तो प्रवाहावरचा ताबा. थंड इंजिनात पाणी जवळजवळ थांबवून ते लवकर गरम करायचं. महामार्गावर लागेल तेवढंच फिरवायचं. हायब्रिडमध्ये इंजिन बंद असतानाही हीटरला गरम पाणी पोचवायचं. पंपाचा वेग इंजिनाच्या वेगापासून सुटला, ही खरी कमाई आहे. मात्र त्या गाड्यांचा संगणक पंप, थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व), पंखा आणि इंजेक्शन एकत्र चालवतो. बाहेरून पंप लावणाऱ्याला ती सगळी अक्कल स्वतः पुरवावी लागते. आणि भंगारातून बीएमडब्ल्यूचा पंप आणून १२ व्होल्ट दिले की झालं, असंही नाही. त्याला गाडीच्या संगणकाकडून सिग्नल लागतो.

गाडी गरम होते म्हणून पंप?

लोक पंपाकडे वळतात त्याचं दुसरं कारण हे, आणि इथे तर गैरसमज जास्तच. ट्रॅफिकमध्ये आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन पाण्यात चार-पाच किलोवॅट उष्णता सोडतं. वॉटर बॉडी त्या वेगाला मिनिटाला १५ लिटरच्या आसपास पाणी फिरवते. निम्मं कुलंट, निम्मं पाणी अशा मिश्रणाला या प्रवाहावर दर अंशाला सुमारे ०.९ किलोवॅट वाहून नेता येतात. म्हणजे रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाईपमध्ये पाच अंशांचा फरक पडला की काम भागलं. पाणी कमी पडतच नाही, कमी पडते ती हवा. रेडिएटरपुढच्या एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकलेले, पंख्याची मोटर थकलेली, पंख्याचा रिले चिकटलेला, रेडिएटरच्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या क्षाराने बुजलेल्या. यातलं काहीही असेल तर पंप दुप्पट मोठा लावूनही तापमानाचा काटा वरच जाणार.

घाटात तर त्याहून उलट चित्र. खंडाळ्याला किंवा आंबोलीला दुसऱ्या गिअरमध्ये चढताना आरपीएम ३०००-४००० असतात, म्हणजे वॉटर बॉडी भरपूर पाणी देत असते. ८० चा इलेक्ट्रिक पंप इंजिन, थर्मोस्टॅटचं तोंड, रेडिएटर अशा सगळ्या अडथळ्यांतून प्रत्यक्षात ४५-५० लिटरच देईल. पूर्ण ताकदीला हे इंजिन सुमारे ४० किलोवॅट पाण्यात टाकतं. ४५ लिटरवर त्याचा फरक साडेचौदा अंश येतो. घाट चढायला चालून जाईल, पण मूळ पंपाने तो फरक पाच-सहावरच ठेवला असता. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. जोरात फिरणारी वॉटर बॉडी ब्लॉकमधला दाब रेडिएटर कॅपच्या दाबापेक्षाही वर नेते, आणि त्यामुळे हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, एक्झॉस्ट वॉल्व्हजवळ पाण्याचे बुडबुडे होत नाहीत. इलेक्ट्रिक पंपाचा दाब त्या मानाने किरकोळ. तेव्हा ०.९ ते १.१ बारची कॅप चांगल्या स्थितीत आहे ना, हे आधी तपासावं. ५० टक्के कुलंट उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं आणि १ बारच्या कॅपखाली १२९ च्या आसपास.

फायदा होतो तो अशा जागी. ड्रॅग रेसमध्ये दोन फेऱ्यांच्या मधे इंजिन बंद ठेवून पाणी आणि पंखा चालू ठेवता येतो. टर्बो इंजिन घाटमाथ्यावर पोचून बंद केलं की टर्बोची उष्णता आजूबाजूच्या पाण्यात मुरते, ती काढून घेता येते. रेसच्या गाडीत आरपीएम सतत ६५०० च्या वर असतील तर मेकॅनिकल पंपात कॅव्हिटेशन होतं, पाती पाण्याऐवजी वाफेचे बुडबुडे घुसळतात, तेही टळतं. इंजिन स्वॅप करताना, म्हणजे दुसरंच इंजिन बसवताना, पुढे वॉटर बॉडीला जागाच नसेल तर दुसरा उपाय नाही. आणि जुन्या एमएम ५४० जीपसारख्या गाड्या, जिथे पंखा पंपाच्या शाफ्टवरच आहे. पंखाही घनाच्या नियमाने भार खातो, त्यामुळे तिथे दोन-तीन अश्वशक्ती सहज मोकळी होते. पण ती पंख्यामुळे, पंपामुळे नव्हे. वॉटर बॉडी तशीच ठेवून फक्त पंखा इलेक्ट्रिक केला तरी बहुतेक सगळा फायदा पदरात पडतो, आणि धोका फार कमी.

फक्त टर्बो थंड करायचा असेल तर मोठ्या पंपाच्या भानगडीत पडूच नये. फोक्सवॅगन समूहाच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर थोडा वेळ चालणारा छोटा जोडपंप कंपनीतूनच येतो. तसाच मिनिटाला १५-२० लिटरचा पंप टर्बोच्या पाण्याच्या पाईपमध्ये टायमरवर लावला की झालं. माझ्या मते दहापैकी आठ जणांना हाच पुरे.

तरीही लावायचाच असेल तर

आधी बेल्टचा मार्ग बघा. के-सीरिजसारख्या इंजिनात कॅमला, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, टायमिंग चेन असते आणि वॉटर बॉडी बाहेरच्या बेल्टवर. तिची पुली काढून टाकली तर अल्टरनेटरच्या पुलीला बेल्टचा वेढा कमी पडतो, बेल्ट घसरतो, किंचाळतो आणि चार्जिंग पडतं. आणि नेमका आता अल्टरनेटरवरच भार वाढलेला. म्हणून वॉटर बॉडी जागेवर ठेवायची आणि आतल्या इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाची, फक्त पाती काढायची. पूर्वी डस्टरमध्ये येणाऱ्या रेनोच्या १.५ डीसीआय डिझेलमध्ये वॉटर बॉडी टायमिंग बेल्टने फिरते. तिथे पुली काढण्याचा विचारही नको, इंजिनच जाईल.

पाती काढण्यासाठी दुसरी, नवी वॉटर बॉडी आणा. जुनी चांगली असेल तर कापडात गुंडाळून डिकीत ठेवा. कधीतरी परत बसवायची वेळ येईल तेव्हा तिची किंमत कळेल. पत्र्याचा इंपेलर पुलरने ओढून काढता येतो. ओतीव असेल तर लेथवर पाती उतरवून घ्यावी. ग्राइंडरने एका बाजूला जास्त कापलं गेलं की शाफ्ट असंतुलित होतो आणि बेअरिंग काही महिन्यांत वाजायला लागतं. सीलला हात लावायचा नाही. ते पाण्यानेच ओलं राहतं आणि राहायला हवं.

पंपाची जागा रेडिएटरच्या खालच्या पाईपमध्ये, थंड बाजूला, जितकी खाली मिळेल तितकी. पंप पाणी ओढू शकत नाही, त्याच्यापर्यंत ते आपल्या वजनाने आलं पाहिजे. रेडिएटरच्या तोंडाजवळ बसवला की ओढीच्या बाजूचा पाईप आखूड राहतो. तो लांब आणि मऊ असेल तर पूर्ण वेगात चपटा होऊन प्रवाह तोडतो. अंगावरचा बाण इंजिनाकडे. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलत असतं, त्यामुळे पंप रबराच्या पट्टीने बॉडीला धरा आणि पंप ते इंजिन हा तुकडा लवचीक ठेवा. पाईप कापण्याआधी दोनदा मोजा. कापून लांब करता येत नाही. तोंडांचे व्यास जुळत नसतील तर रिड्यूसर वापरा, क्लॅम्प आवळून मोठा पाईप लहान तोंडावर बसवू नका.

थर्मोस्टॅटचं काय करायचं, यात सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात. कंट्रोलर वापरणार असाल तर तापमान तोच सांभाळतो आणि थर्मोस्टॅट काढावा लागतो, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडतात: पंप ढकलतोय, थर्मोस्टॅट बंद. पण बऱ्याच थर्मोस्टॅटना दोन तोंडं असतात. वरचं उघडलं की खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते. आख्खा थर्मोस्टॅट उपटला की बायपास कायमचा उघडा पडतो आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतं. 'वॉल्व काढून टाका, गाडी थंड राहील' या गॅरेजमधल्या जुन्या सल्ल्याने गाड्या उलट तापतात त्या यामुळेच. तेव्हा बायपासला बूच मारायचं. हीटरची वाट मात्र उघडी ठेवायची. कंट्रोलर न लावता पंप सतत पूर्ण वेगात सोडणार असाल तर थर्मोस्टॅट ठेवाच.

तापमान ८५ ते ९० अंशांवर ठेवा. ७५ वर ठेवून 'थंड इंजिन, जास्त ताकद' असं काही होत नाही. इंजिन गरम झालेलं नाही असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल जास्त सोडत राहतो, ऑइल घट्ट राहतं, ऑइलमध्ये ओल साचते, ॲव्हरेज पडतं आणि पी-०१२८ कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. कंट्रोलरचा सेन्सर वरच्या पाईपमध्ये, इंजिनाच्या तोंडाला जितका जवळ तितका चांगला. त्याचं टोक पाण्यात बुडालेलं हवं, पाईपच्या वरच्या अंगाला अडकलेल्या हवेत नको. गाडीचा मूळ सेन्सर आणि पंख्याचं मूळ वायरिंग तोडू नका. कंट्रोलरने पंखा चालवला नाही तर ईसीयू चालवेल.

वायरिंगला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. जाऊन-येऊन सहा मीटर धरले तर साडेसात अँपियरवर तिच्यात सुमारे ०.३ व्होल्ट जातात. हॉर्नसाठी पडलेली १ स्क्वेअरची वायर वापरली तर ०.८, आणि पंप तेवढा मंद होतो. फ्यूज १५ अँपियरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. कंट्रोलर नसेल तर ३० अँपियरचा रिले, इग्निशनवरून ट्रिगर. अर्थ रंगाच्या थरावर नाही, खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. साध्या पंपाच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी तो फिरतो आणि पाणी त्याच दिशेला ढकलतो, पण पाती उलटी फिरत असल्याने प्रवाह पार कमी. वर्कशॉपमध्ये आयडलला हे लक्षात येत नाही, लक्षात येतं ते घाटात. म्हणून वायरींच्या रंगावर विसंबू नका, दोन्ही प्रकारे चालवून बादलीत पाणी मोजा.

बसवण्याआधी रेडिएटर आणि ब्लॉक स्वच्छ धुवा. या पंपांच्या इंपेलरभोवती फट फार थोडी असते. क्षाराचे पापुद्रे किंवा गॅसकेट लावताना आत पिळलेला सिलिकॉनचा गोळा तो अडकवू शकतो. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ड्रायव्हर मंडळींचा उपाय पूर्वी कधी केलेला असेल तर दोनदा धुवा. भरताना बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं.

हवा काढण्याच्या कामात मात्र हा पंप भलताच सोयीचा आहे. गाडीचं नाक जॅकने वर करा, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी, इंजिन बंद, आणि फक्त पंप दहा मिनिटं चालवा. आधी गुळगुळ आवाज येतो, पाणी खाली जात राहतं, ते भरत राहा. आवाज एकसारखा झाला की हवा निघाली. मग इंजिन चालू करून तापमानाला आणा, थंड होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पातळी पुन्हा बघा.

बंद पडला तर

वॉटर बॉडी मरताना आधी सांगते. खालच्या छिद्रातून थेंब गळतात, बेअरिंग वाजतं. इलेक्ट्रिक पंप गप्प बसतो. फ्यूज उडाला, कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी गेलं, मोटरचे ब्रश संपले, की एका क्षणी प्रवाह शून्य. भरधाव गाडीत हेड तापायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. गंमत, किंवा खरं तर घात, इथे आहे: सेन्सर वरच्या पाईपमध्ये बसलेला. पाणी थांबलं की हेडमधलं पाणी उकळत असताना पाईपमधलं पाणी गार होत जातं. कंट्रोलरला वाटतं सगळं ठीक आहे, काटाही मधे, आणि हेड गॅसकेट उडालेली.

म्हणून पंपाइतकंच महत्त्वाचं म्हणजे वेगळी सूचना. हेडच्या धातूवर, एखाद्या बोल्टखाली बसणारा कड्याचा तापमान सेन्सर आणि ११० अंशांना वाजणारा बझर. शिवाय पंपाच्या वायरमधून करंट वाहतो की नाही हे दाखवणारा एक दिवा डॅशबोर्डवर. हे दोन नसतील तर पंप बसवू नये, असं माझं स्पष्ट मत. कंपनीची वॉरंटी चालू असेल तर पंप लावण्याआधी तीही गेली असं धरून चाला.

सगळं जोडून झालं की गाडी रस्त्यावर काढण्याआधी आयडलला चालू ठेवा, इंजिन गरम होऊन पंप चालू राहिला की त्याचा फ्यूज हाताने ओढा. दिवा लगेच बदलला पाहिजे. बझर वाजेपर्यंत वरच्या पाईपला हात लावून बघा, तो काय सांगतो आणि हेडवरचा आकडा काय सांगतो. बझर वाजला की लगेच इंजिन बंद करून फ्यूज परत लावा. दिवा बदलला नाही तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.